शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला, पण प्रयोगशाळेचे काय? वंचितांच्या महाविद्यालयांतील विज्ञान व गणित

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाईसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन सादर केले. त्या वेळी ते व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. निवेदनातील राजकीय मागण्यांची चर्चा पुढे पुष्कळ झाली. शिक्षणविषयक भाग मात्र तुलनेने मागे राहिला. कला शाखेच्या आणि कायद्याच्या शिक्षणाने अनुसूचित जातींच्या स्थितीत फारसा फरक पडणार नाही, त्यांना गरज आहे ती विज्ञान व तंत्रज्ञानातील उच्च शिक्षणाची, आणि नेमके हेच शिक्षण त्यांच्या आर्थिक आवाक्याबाहेर आहे, असे प्रतिपादन त्यात होते. मागण्याही आकड्यांत होत्या. देशातील विद्यापीठांत व तंत्रशिक्षण संस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी दरवर्षी २ लाख रुपये आणि परदेशात हेच विषय शिकण्यासाठी दरवर्षी १ लाख रुपये.

हे लिहिणारी व्यक्ती स्वतः अर्थशास्त्राची आणि कायद्याची विद्वान होती, हे लक्षात घेतले म्हणजे या मागणीचे वजन अधिक जाणवते. ज्या दोन विद्यांच्या बळावर ते त्या पदापर्यंत पोहोचले, त्याच दोन विद्या समाजाला पुरेशा नाहीत, असे ते सरकारला सांगत होते.

यानंतर दोन वर्षांतच, १९४४ मध्ये, अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या कार्यालयांत आजही ती 'भारत सरकार शिष्यवृत्ती' याच नावाने ओळखली जाते. पाठोपाठ ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. त्याचे पूर्ण नाव 'सिद्धार्थ कॉलेज ऑफ आर्ट्स अँड सायन्स' असे होते. वंचित समाजातील विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या संस्थेने पहिल्याच दिवशी विज्ञान शाखा सुरू करणे हे खर्चाच्या दृष्टीने धाडसाचे होते. कला शाखेला वर्गखोली, फळा आणि ग्रंथालय एवढ्यावर आरंभ करता येतो. रसायनशास्त्राला मात्र वायूची जोडणी, धुराडी, तराजू, काचसामान, दरवर्षी संपणारी रसायने आणि ती सांभाळणारा प्रयोगशाळा परिचर लागतो.

सोसायटीचे दुसरे मोठे पाऊल मराठवाड्यात पडले. निजामाच्या राजवटीतून नुकत्याच मुक्त झालेल्या या प्रदेशात उच्च शिक्षणाची सोय अत्यल्प होती. औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, जून १९५० मध्ये महाविद्यालय सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांच्यातील संवादावरून महाविद्यालयाला मिलिंद आणि परिसराला नागसेनवन हे नाव मिळाले. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्खू ही जोडी एखाद्या शिक्षणसंस्थेला, त्यातही विज्ञान शिकवणाऱ्या संस्थेला, नाव देण्यास समर्पकच म्हणावी लागेल. मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते त्यानंतर आठ वर्षांनी, १९५८ मध्ये. कालांतराने मिलिंदच्या कला आणि विज्ञान शाखांची स्वतंत्र महाविद्यालये झाली.

पुढचा इतिहास मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे, परंतु तो बहुतांशी एका बाजूचा आहे. मिलिंदचे नाव निघाले की दलित साहित्य आठवते. प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक, डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' आणि अमेरिकेत उच्च शिक्षण घेऊन आलेले प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे वेधलेले लक्ष, असा हा वारसा आहे. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली तीही 'ब्लॅक पँथर'चे नाव घेऊन. त्याही आधी, १९४६ मध्ये, डॉ. आंबेडकर आणि कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्यात पत्रव्यवहार झाला होता. महाराष्ट्रातील वंचित समाज आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाज यांच्यातील पूल कविता, आत्मकथन आणि राजकारण यांनी बांधला. त्यावरून विज्ञानाची आणि गणिताची ये-जा मात्र फारशी झाली नाही. वस्तुतः त्या बाजूला पाहण्यासारखे बरेच होते.

अमेरिकेत कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या महाविद्यालयांना कायद्याने दिलेली स्वतंत्र ओळख आहे. १९६४ पूर्वी मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी स्थापन झालेली मान्यताप्राप्त संस्था म्हणजे 'ऐतिहासिक कृष्णवर्णीय महाविद्यालय', अशी व्याख्या १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्यात आढळते. अशा संस्था आज सुमारे १०० आहेत. सर्व वंशांच्या विद्यार्थ्यांना त्यांत प्रवेश मिळतो. ओळख मात्र स्थापनेच्या हेतूवरून ठरते. या कायद्यात अशा संस्थांच्या सबलीकरणासाठी स्वतंत्र निधीची तरतूद आहे. हा निधी कशावर खर्च करता येतो याच्या यादीत वैज्ञानिक उपकरणे आणि प्रयोगशाळा साहित्याची खरेदी स्पष्टपणे नमूद केली आहे. याखेरीज नॅशनल सायन्स फाउंडेशनने १९९८ पासून या संस्थांतील पदवीस्तरावरील विज्ञान, गणित व अभियांत्रिकीच्या अध्यापनासाठी वेगळा कार्यक्रम चालवला आहे. देशातील एकूण उच्च शिक्षण संस्थांत त्यांचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास असले, तरी विज्ञान-अभियांत्रिकीच्या कृष्णवर्णीय पदवीधरांत त्यांचा वाटा याच्या कितीतरी पट राहिला आहे.

भारतात याला समांतर अशी कोटी नाही. राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क दिला आहे. म्हैसूरच्या बन्नीमंटप भागातील, म्हणजे दसऱ्याची हत्तींची मिरवणूक जेथे जाऊन थांबते त्या परिसरातील, सेंट फिलोमिना महाविद्यालय हे अशा समाजचालित संस्थेचे एक उदाहरण आहे. कॅथलिक धर्मप्रांताने चालवलेले हे महाविद्यालयही सिद्धार्थप्रमाणे १९४६ चेच. परंतु ३० वे कलम व्यवस्थापनाचा हक्क देते, प्रयोगशाळेचा निधी देत नाही. अनुसूचित जातींच्या शैक्षणिक हिताची काळजी राज्याने विशेषत्वाने घ्यावी, असे ४६ वे कलम सांगते. त्याची अंमलबजावणी झाली ती मुख्यतः आरक्षण, शिष्यवृत्ती, शुल्कमाफी आणि वसतिगृहे या मार्गांनी. हे सारे लाभ विद्यार्थ्याच्या नावाने येतात. ज्या महाविद्यालयात असे विद्यार्थी पिढ्यानपिढ्या सर्वाधिक संख्येने येत आले, त्या महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र विभागाला त्या कारणासाठी काही अधिक मिळावे, अशी रचना नाही.

या धोरणाचे फळ मोठे आहे, हे नाकारता येणार नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांत ५९,०४८ कोटी रुपयांच्या आराखड्याला मंजुरी दिली आणि केंद्र व राज्य यांचा वाटा ६० : ४० असा निश्चित केला. विद्यार्थ्याबरोबर जाणारी मदत त्याला कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेण्याचे स्वातंत्र्य देते. त्याला विशिष्ट संस्थेत अडकवून ठेवत नाही. वेगळ्या संस्था म्हणजे वेगळ्या वस्त्या, हा धोका डॉ. आंबेडकरांनीही ओळखला होता. म्हणूनच सोसायटीची महाविद्यालये सर्व जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी खुली ठेवण्यात आली.

तरीही विज्ञान शाखेची अडचण यातून सुटत नाही. अनुदानित महाविद्यालयात मंजूर पदांचे वेतन राज्य सरकार देते. उपकरणे, रसायने, दुरुस्ती, वीज यांचा भार वेतनेतर निधीवर पडतो आणि तो निधी शुल्कातून किंवा संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून उभा राहतो. श्रीमंत वस्तीतील जुन्या महाविद्यालयाला माजी विद्यार्थी, देणगीदार आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रम यांचा आधार मिळतो. जेथे बहुतेक विद्यार्थी शुल्कमाफीचे किंवा शिष्यवृत्तीचे आहेत, तेथे शुल्काची रक्कमच सरकारकडून येईपर्यंत थांबावे लागते. परिणाम प्रात्यक्षिकांत दिसतो. एकेकट्याने करावयाचा प्रयोग चौघांच्या गटात होतो, त्यात एकजण ब्युरेट धरतो आणि तिघे आकडे उतरवून घेतात. पदभरती रखडली की तासिका तत्त्वावरील प्राध्यापक वर्ग सांभाळतात. त्यांना तासांचे मानधन मिळते, परंतु नवा प्रयोग बसवायला, बिघडलेला वर्णपटमापक दुरुस्त करून घ्यायला किंवा अनुदानासाठी प्रकल्प-प्रस्ताव लिहायला ना वेळ मिळतो ना त्याचा मोबदला. स्पर्धात्मक प्रस्तावांवर मिळणारा निधी मग साहजिकच आधीपासून सुसज्ज असलेल्या विभागांकडे जातो.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००८ मध्ये पदवीस्तरावरील विज्ञान शिक्षणासाठी सुरू केलेली 'स्टार कॉलेज' योजना प्रयोगशाळांना थेट बळ देणाऱ्या मोजक्या योजनांपैकी एक होय. पण तिचाही निकष संस्थेची गुणवत्ता हा आहे. संस्था कोणासाठी उभी राहिली, हा नव्हे. १९७९ पासून अस्तित्वात असलेल्या अनुसूचित जाती उपयोजनेत लोकसंख्येच्या प्रमाणात निधी राखून ठेवण्याचे तत्त्व आहे. विज्ञान खात्यांच्या अंदाजपत्रकातही असे शीर्ष असते. हा पैसा अनेकदा सर्वसाधारण संस्थांच्या नेहमीच्या खर्चात कागदोपत्री वाटून दाखवला जातो, हा या उपयोजनेवरील जुना आक्षेप आहे.

पैशाइतकाच कठीण प्रश्न भाषेचा आहे, आणि त्यावर महाराष्ट्रात गांभीर्याने काम झाले आहे. मराठी माध्यमाचा विद्यार्थी दहावीपर्यंत 'त्वरण', 'अपवर्तन', 'संयुजा', 'वर्गसमीकरण' शिकतो. अकरावी विज्ञानाच्या पहिल्या आठवड्यात हेच सारे 'अ‍ॅक्सिलरेशन', 'रिफ्रॅक्शन', 'व्हॅलन्सी', 'क्वाड्रॅटिक इक्वेशन' होऊन समोर येते. संकल्पना ओळखीची असूनही अनोळखी भासते. आणखी एक पेच मराठीच्या आतच आहे. 'चाल' आणि 'वेग', 'बल' आणि 'शक्ती', 'वजन' आणि 'वस्तुमान' हे शब्द बोलण्यात एकमेकांच्या जागी चालतात, शास्त्रात चालत नाहीत. ज्या घरात पाठ्यपुस्तकाची भाषा कोणी बोलत नाही, तेथील मुलाला ही अडखळण दुप्पट होते.

मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने याच ठिकाणी बोट ठेवले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या अंतर्गत १९७४ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राचे संस्थापक संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी यांनी जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील ग्रामीण शाळांत आधी काम केले. १९८० च्या दशकाच्या आरंभी केंद्राने मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक प्रकल्प हाती घेतला. आठवी ते दहावी या वर्षांत विज्ञान व गणिताचे जादा मार्गदर्शन, सोपी केलेली भाषा, स्वतः करून पाहण्याचे प्रयोग आणि प्रश्न विचारण्यास प्रोत्साहन, असे त्याचे स्वरूप होते. या मुलांची शालान्त परीक्षेतील कामगिरी लक्षणीयरीत्या सुधारली. प्रा. कुलकर्णी आणि डॉ. सु. चिं. आगरकर यांनी १९८५ मध्ये त्यावर पुस्तकही लिहिले. वंचित मुलांची कमी गुणसंख्या ही क्षमतेची उणीव नसून दूर करता येण्याजोग्या अडथळ्यांची बेरीज आहे, हा त्याचा निष्कर्ष. प्रकल्प शाळेचा होता. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षासाठी या तोडीचे काम मराठीत उभे राहिले नाही, ही खंत आहे.

अमेरिकेत जवळजवळ त्याच काळात पदवीस्तरावर असेच प्रयत्न सुरू होते. न्यू ऑर्लिन्स येथील झेवियर विद्यापीठ हे तेथील ऐतिहासिक कृष्णवर्णीय संस्थांपैकी एकमेव कॅथलिक विद्यापीठ. विद्यार्थिसंख्या जेमतेम तीन हजारांच्या आसपास. तरीही देशातील वैद्यकीय महाविद्यालयांना सर्वाधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी पुरवणारी संस्था म्हणून ते अनेक वर्षे ओळखले गेले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक जे. डब्ल्यू. कारमायकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ पासून प्रवेशापूर्वीच्या उन्हाळ्यात विश्लेषणात्मक विचारावर भर देणारे वर्ग भरवले. पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्रासाठी सर्व शिक्षकांना समान कार्यपुस्तिका, शब्दसंग्रहाची नियमित उजळणी, वारंवार लहान चाचण्या आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून गटात शिकवणी, अशी त्यांची पद्धत होती. यात दिपवून टाकणारे उपकरण एकही नाही. होते ते विभागातील सर्व शिक्षकांचे एकमत आणि ते वर्षानुवर्षे टिकवण्याची चिकाटी.

गणितात याला पूरक ठरलेले निरीक्षण बर्कले येथील उरी ट्रीसमन यांचे. ही संस्था कृष्णवर्णीयांची नव्हे. तेथे कलनशास्त्रात मागे पडणाऱ्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा त्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अभ्यास केला. ही मुले कष्टात कमी नव्हती. परंतु ती एकेकटी अभ्यास करीत. चिनी वंशाचे विद्यार्थी एकत्र बसून गणिते सोडवीत आणि एकमेकांच्या चुका काढीत. ट्रीसमन यांनी मग गटकार्यशाळा सुरू केल्या. त्यांत सोपी नव्हे, तर नेहमीपेक्षा कठीण गणिते दिली जात. आपल्याकडील 'उपचारात्मक अध्यापन' या शब्दात विद्यार्थी आजारी असल्याचे गृहीत धरलेले असते. या कार्यशाळांनी ते गृहीतच नाकारले.

शिक्षकाच्या बाबतीत या संस्थांचा इतिहास अधिकच बोलका आहे. गणितात डॉक्टरेट मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन एल्बर्ट कॉक्स यांना कॉर्नेल विद्यापीठाने १९२५ मध्ये पदवी दिली. त्यांची पुढची कारकीर्द वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात गेली. संख्याशास्त्रज्ञ डेव्हिड ब्लॅकवेल यांनी १९४४ ते १९५४ अशी दहा वर्षे तेथेच अध्यापन केले, कारण त्या काळी इतर विद्यापीठांची दारे त्यांच्या वर्णाला बंद होती. १९६५ मध्ये तेच ब्लॅकवेल राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय ठरले. वेस्ट व्हर्जिनिया स्टेट महाविद्यालयात क्लेटर नावाच्या गणितज्ञ प्राध्यापकांनी एका हुशार विद्यार्थिनीसाठी विश्लेषणात्मक भूमितीचा खास अभ्यासक्रम तयार केला. त्या वर्गात ती एकटीच होती. १९३७ मध्ये पदवीधर झालेली ही विद्यार्थिनी म्हणजे पुढे 'नासा'च्या अंतराळयानांच्या कक्षांची गणिते करणाऱ्या कॅथरिन जॉन्सन. तासिकेच्या मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकाला एका विद्यार्थिनीसाठी वेगळा वर्ग घेणे कसे परवडेल, हा प्रश्न येथे मनात येतोच.

अमेरिकेतील चित्र अर्थातच निर्दोष नाही. कायद्याने ओळख मिळाली म्हणून राज्यांनी हात मोकळा सोडला, असे झाले नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये तेथील शिक्षण व कृषी मंत्र्यांनी १६ राज्यांच्या राज्यपालांना पत्रे पाठवून, कृष्णवर्णीयांच्या भूदान विद्यापीठांना तीस वर्षांत १२ अब्ज डॉलरहून अधिक निधी कमी मिळाल्याचे निदर्शनास आणले. मेरीलँड राज्याने दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर २०२१ मध्ये आपल्या चार कृष्णवर्णीय विद्यापीठांसाठी ५७ कोटी ७० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. फरक एवढाच, की स्वतंत्र ओळख असल्यामुळे तेथे तुटीचा हिशेब मांडता आला आणि तो न्यायालयात नेता आला. भारतात कोणत्या महाविद्यालयाला किती कमी मिळाले, हे मोजण्यासाठी आधी ती महाविद्यालये एका यादीत यावी लागतील.

मिलिंद महाविद्यालयाच्या स्थापनेला २०२५ मध्ये ७५ वर्षे पूर्ण झाली. मराठवाड्यातील मराठी शाळांतून दहावी झालेली मुले दर जूनमध्ये विज्ञान शाखेच्या रांगेत उभी राहतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात प्रयोगशाळेत पाऊल टाकणारे ते पहिलेच असतात. नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवी चार वर्षांची होऊ लागली असून शेवटच्या वर्षात संशोधन प्रकल्पाचा पर्याय आहे. तो पर्याय निवडण्यासाठी चालू स्थितीतील उपकरण आणि पूर्णवेळ मार्गदर्शक लागतो. शिष्यवृत्तीच्या अर्जात या दोहोंसाठी रकाना नाही.